हिरव्या गाडीची जागा

हार्लन पेकमला रोज सकाळी समुद्र लागायचा. पाण्यात उतरायला नव्हे, पाण्यात उतरतात ते उन्हाळी पाहुणे. आमच्या सॉल्टर नेक गावची माणसं समुद्र बघतात ती गाडीत बसून, काचा वर करून, हातात कॉफीचा पेला धरून. किनाऱ्याच्या टोकाला गाड्या लावायची जागा आहे. तिथे पाण्याकडे तोंड करून गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि बसायचं. पाय फारच गारठले तर मधूनच इंजिन चालू करून शेकून घ्यायचे. बोलायचं मात्र कोणाशी नाही. शेजारच्या गाडीत डोकावणंसुद्धा आमच्याकडे अगोचरपणा. फार तर स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची, की झाला रामराम.

हार्लनने जन्मभर घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त केले. गावातल्या प्रत्येक घराचं तळघर त्याला ठाऊक, दिवाणखाना मात्र एकाचाही नाही. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. घरात बोलायचं काम बायकोकडे होतं. डोरीन त्याच्या वाटचंही बोलायची. तो निवृत्त झाल्यावर दोघं रोज सकाळी किनाऱ्यावर यायला लागली आणि त्यांच्या डाव्या हाताला एक हिरवी गाडी रोज दिसायला लागली. गाडीत एकटी बाई. पांढरे, आखूड कापलेले केस, गुलाबी कागदी पेला. बॉनेटवर सीगल पक्षी येऊन बसला की ती हळूच हॉर्न वाजवायची आणि तो उडाला की स्वतःशीच हसायची. डोरीन म्हणायची, "आली बघ आपली शेजारीण." एकदा तर तिने त्याला कोपराने ढोसलं, "अरे, उतरून नाव तरी विचार."

"नाव कशाला विचारायचं?" हार्लन म्हणाला. "उद्या येणारच आहे ती."

उद्या ती आली, परवाही आली. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे डोरीनच आजारी पडली, आणि त्या हिवाळ्यातच गेली.

तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हार्लन नेहमीसारखा किनाऱ्यावर आला. दुसरं कुठे जायचं हे त्याला सुचलंच नाही. हिरव्या गाडीतल्या बाईने वळून पाहिलं. शेजारची सीट रिकामी दिसली. तिने बोटं उचलली नाहीत. सगळा पंजा काचेवर टेकवला आणि तसाच ठेवला, बराच वेळ. त्या आठवड्यात हार्लनकडे भांडी भरभरून जेवण आलं, फुलं आली, ऍरिझोनाहून मुलगा येऊन गेला. त्यातलं त्याच्या काही लक्षात नाही. तो पंजा मात्र लक्षात राहिला.

मग दोघांचे हिवाळे तसेच गेले. गावातले पैसेवाले उबेसाठी फ्लोरिडाला पळत, बाकीचे घरात दडून बसत. किनाऱ्यावर दोनच गाड्या. रविवारी मुलाचा फोन यायचा, हवापाण्याची चौकशी व्हायची, संपलं. बाकी आठवडाभर हार्लनची ओळख ठेवणारं माणूस म्हणजे ती एक, आणि तिचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. एकटेपण म्हणतात ते याला. उन्हाळ्यात गर्दीमुळे दोघंही तिकडे फिरकत नसत. सप्टेंबर लागला, पाहुणे गेले, की पुन्हा आपापल्या जागी हजर.

आता त्या गर्दीबद्दल सांगतो. उन्हाळ्यात शहरातल्या गाड्यांनी खरोखरच उच्छाद मांडला होता. लोकांच्या फाटकासमोर गाड्या लावायच्या, कुंपणात बाळांचे लंगोट फेकायचे, आणि बोललं की वर तोंड करायचं. ब्रेंडा लोरिंगचं घर किनाऱ्याच्या वाटेवरच. तिने वसंतातल्या गावसभेत ठराव आणला, की उन्हाळ्यात तिथे गाडी लावायची ती गावकऱ्यांनीच. गावच्या कचरा टाकायच्या जागेसाठी गावकऱ्यांच्या गाडीला जे स्टिकर मिळतं, ते नसेल त्याला दंड.

गावसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरते. दाराशी प्रत्येकाला एक नारिंगी कार्ड मिळतं, मत द्यायचं तर ते वर धरायचं. ब्रेंडाने असं काही भाषण ठोकलं की विचारू नका. "कोण ही माणसं? कुठून येतात? आपल्यापैकी कोणी ओळखतं का यांना?" हार्लनने कार्ड वर केलं. का करू नये? कुंपणातला एक लंगोट त्याने स्वतः उचलला होता. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, की उन्हाळ्यापुरता नियम केला तर पाट्या वर्षातून दोनदा बदलाव्या लागतील, त्यापेक्षा बारा महिन्यांचाच करा ना. सगळ्यांना भुका लागल्या होत्या, घरी जायचं होतं. पुन्हा मत घेतलं. हार्लनचा हात वर होताच, तो त्याने खाली घेतला नाही. एवढंच. आमच्या गावात समुद्र असा मिनिटात बंद झाला, आणि माणसं जेवायला गेली.

सप्टेंबरात हार्लनच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्याला किनाऱ्यावर जाता आलं नाही. मग गेला. नव्या डोळ्याने समुद्र असा लख्ख दिसला की डोरीनला सांगावंसं वाटलं. डावीकडे पाहिलं तर जागा रिकामी.

दुसऱ्या दिवशीही रिकामी. आजारी असेल, त्याने मनाशी म्हटलं. आणखी काही दिवस गेले. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता तो एकेक करून वाचायला लागला, आणि मग ध्यानात आलं, की वाचून करायचं काय? नाव कुठे माहीत आहे? तो फोटो बघत बसायचा. फोटोत सगळ्या बायका तरुणपणीच्या असतात.

शेवटी एका सकाळी त्याने गस्तीवर आलेल्या डेनिसला हात करून थांबवलं. डेनिस आमच्या गावचा पोलीस, त्याच्या आईचा बॉयलर हार्लनने अनेकदा जिवंत केलेला. हिरव्या गाडीचं विचारल्यावर त्याने लगेच सांगितलं. "ती होय? टॅनर्सबरीची आहे रे ती बाई. स्टिकर नव्हतं, मीच फाडली पावती."

टॅनर्सबरी म्हणजे शेजारचं, बंद गिरण्यांचं गाव. तिथे समुद्र नाही. हार्लनला वाटत आलं होतं की रोज येते त्या अर्थी आपल्याच गावची असणार.

"काही म्हणाली?"

"काही नाही. भांडली नाही, काही नाही. फक्त विचारलं, एवढी कॉफी संपवून जाऊ का?" डेनिसने मान खाली घातली. "मी म्हटलं, संपवा. खरं सांगू का हार्लन, मला लाजच वाटली. पण नियम तुम्हीच केलाय ना सगळ्यांनी."

डेनिस गेल्यावर हार्लनने स्टिअरिंगवरचा आपला उजवा हात पाहिला. याच हाताची दोन बोटं रोज वर व्हायची. कार्डही यानेच वर धरलं होतं. त्याला स्वतःची इतकी चीड आली की कॉफी तशीच खिडकीबाहेर ओतली.

दुसऱ्या दिवसापासून तो समुद्राकडे जायच्या ऐवजी टॅनर्सबरीला जायला लागला. गुलाबी पेला मिळायचा ती बेकरी सापडली, पण काउंटरमागच्या मुलीला नाव सांगता येईना. सकाळी येते, घेऊन जाते, एवढंच. हार्लन त्या गावातल्या गल्ल्या पालथ्या घालत राहिला. आणि एका सकाळी सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला ती दिसली.

मागे मोठं रिकामं आवार होतं आणि समोर दुकानाची विटांची भिंत. भिंतीकडे तोंड करून हिरवी गाडी उभी. बाई आत बसलेली, हातात पेला. नेहमीची वेळ, नेहमीचं बसणं. समोर फक्त पाणी नव्हतं.

हार्लनने तिच्या उजव्या हाताला गाडी लावली. मग इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, गाडीतून उतरला आणि तिच्या काचेशी जाऊन उभा राहिला. तिने काच खाली केली. जवळून ती डोरीनपेक्षा वयाने मोठी दिसत होती.

"मी हार्लन. हार्लन पेकम."

"ओडेट," ती म्हणाली. आडनाव सांगितलं नाही. "इथे का आलात?"

"तुम्ही इथे का बसता?"

"घरात सकाळ जात नाही हो. इथून कोणी उठवत नाही."

हार्लनने वाटेत जुळवून ठेवलं होतं ते सांगून टाकलं. "माझ्या गाडीला स्टिकर आहे. माझ्या गाडीतून चला. रोज मी न्यायला येईन, रोज आणून सोडीन."

ओडेटने त्याच्या गाडीकडे बघितलं. "तुमच्या शेजारी कोण बसायचं, ते मी पाहिलंय," ती म्हणाली. "त्या सीटवर मी नाही बसायची."

एवढ्यावर तो परत गेला असता तर बरं झालं असतं, असं गावातले काहीजण म्हणतात. पण त्याचा पाय निघेना. तो म्हणाला, "त्या ठरावाला मी हात वर केला होता. दोन्ही वेळा."

तिने पेला खाली ठेवला. "मला वाटायचं, सगळ्यांनी केला असेल, पण तुम्ही नसेल केला," ओडेट म्हणाली, आणि काच वर केली.

हार्लन आपल्या गाडीत येऊन बसला. जायला हवं होतं, पण जाऊन बसणार कुठे? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच आला. तिसऱ्या दिवशीही. ओडेट त्याच्याकडे बघायची नाही. पण गाडी दुसरीकडे लावायचीही नाही. त्या भिंतीसमोर त्या दोघांचा सबंध हिवाळा गेला.

वसंतातल्या गावसभेत हार्लन पेकम आयुष्यात पहिल्यांदा माईकपाशी उभा राहिला. त्याने ठराव मांडला, की उन्हाळा सोडून बाकीच्या दिवसांत किनारा सगळ्यांना खुला करा. ब्रेंडा उठली. तिने अगदी मायेने विचारलं, की हिवाळ्यात तिथे येतं तरी कोण, हार्लन?

"एक जण येत होतं," तो म्हणाला. "मी ओळखत होतो."

व्यायामशाळेत कोणीतरी खाकरलं. मत घेतलं. हार्लनचं कार्ड वर गेलं, डेनिसचं गेलं, इकडून तिकडून आणखी मूठभर गेली. माझंही गेलं, पण गेल्या वर्षी ते दुसऱ्या बाजूने गेलं होतं, तेव्हा मी काय मोठेपणा सांगू? ठराव पडला. लोक जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लनने भिंतीसमोर गाडी लावली, हिरव्या गाडीकडे वळला आणि काचेआडूनच म्हणाला, "हरलो." आवाज तिकडे पोचला नसणार. पण ओठ वाचता येण्याइतका लहान शब्द होता तो.

ओडेट त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली.

हार्लननेही उचलली. नंतर आपापला पेला हातात घेऊन दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसली.