दोन घरांमधली नाली

आदिलाबादेत आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. दोन्ही घरांवर कवेलू, म्हणजे कौलं, आणि दोन्ही छपरांचे उतार त्या भिंतीवर येऊन मिळायचे. तिथलं पाणी वाहून जावं म्हणून भिंतीच्या माथ्यावर सिमेंटची लांब पन्हाळ ओतलेली होती. आम्ही तिला नालीच म्हणायचो.

बाबा शाळेत गुरुजी होते, आमच्या घराण्यात शेतमजुरीतून बाहेर पडलेले पहिले. शेजारचे काका गावाबाहेरच्या मळ्यात भाजीपाला पिकवायचे. दोघांनी मिळून ती नाली ओतून घेतली तेव्हा गल्लीत कुजबुज झाली होती. बौद्धांच्या छपरावरचं पाणी अन् आपलं पाणी एका नालीत कसं, असं काकांना त्यांच्याच भावकीतल्या एकानं विचारलं. काका म्हणाले, "पाऊस काय इचारून पडते काय?" रोज सकाळी ते बाबांना "जयभीम गुरुजी" म्हणायचे, आणि बाबा त्यांना "राम राम भाऊ". उन्हाळा सरता सरता दोघं आपापल्या बाजूनं शिडी लावून चढायचे आणि नालीतला लिंबाचा पाला उपसायचे.

मी शिक्षिका म्हणून गुडीहत्नूरला नोकरीला लागले, तोवर नालीला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. मग सिमेंटच्या खपल्या निघायला लागल्या आणि आतले गंजलेले गज उघडे पडले. पाणी भिंतीत मुरून मधल्या खोलीत उतरू लागलं. ती आईची खोली. तिला दम्याचा त्रास आधीपासूनच होता. बाबांनी एका वर्षी डांबर ओतलं, दुसऱ्या वर्षी गिलावा केला, मग प्लास्टिक अंथरलं. पाणी यायचंच.

मिस्त्रीनं वर चढून हातोडीनं ठोकून पाहिलं. "गुरुजी, गज आतून फुगले. वरून कितीबी लिंपा, उखडनच. पुरी नाली फोडून नवी ओता लागते. दोन्हीकडचे कवेलू उतरवा लागतीन."

काका लगेच तयार झाले. पण त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "कायले फोडता? मी घर पाडून स्लॅबचं बांधून राह्यलो. मंग नालीचं कामच काय?" आणि बाबांना म्हणाला, "काका, एक वर्ष थांबा." बाबा थांबले. एकाची तीन वर्षं झाली. आईची खाट भिंतीपासून सरकत सरकत दारात आली.

शेवटी त्यानं घर पाडलं. मधली भिंत आमच्यासाठी सोडली आणि तिच्या शेजारी आपली नवी भिंत उंच उचलली. दोन्हींच्या मध्ये तळहात जेमतेम जाईल एवढीच फट राहिली. त्या पाडकामाच्या हादऱ्यानं नाली या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फाटली. आता आमच्या छपराचं पाणी फाटलेल्या नालीतून सरळ त्या फटीत जायचं. मिस्त्री पुन्हा आला, वाकून वाकून पाहिलं आणि खाली उतरला. "आता हात कुठून घालू, गुरुजी?"

मी त्या मुलाला गाठून बोलले. तो म्हणाला, "ताई, मी मुद्दाम काऊन करीन? माझ्या हद्दीतच बांधलं ना?" ते खरं होतं. रागवावं तर कोणावर, तेच कळेना.

आईला मी गुडीहत्नूरला घेऊन आले. एक पावसाळा काढून परत जाईन म्हणत होती. ती परत गेली नाही, माझ्याकडेच वारली. डॉक्टरांनी ओलीचं नाव घेतलं नाही. बाबांनी घेतलं, एकदाच.

ते एकटेच आदिलाबादला राहिले. काका संध्याकाळी येऊन बसायचे.

"गुरुजी, माझ्याच्यानं काई झालं नाई," ते एकदा माझ्यासमोरच म्हणाले.

"तुमचं काय चुकलं, भाऊ?" बाबा म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात भर दुपारी ती भिंत आतल्या बाजूला कोसळली. बाबा ओसरीवर होते म्हणून वाचले. आईची खाट, कवेलू, गंजके गज, सगळा चिखल एका ढिगात. मी पोचले तेव्हा बाबा ढिगाकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "चल, तुझ्याकडेच येतो." घराला कुलूप लावायलाही थांबले नाहीत. मीच लावलं, वरून सगळं उघडं असताना.

माझ्याकडे ते चारचौघांशी बरं बोलायचे, पण आदिलाबादचं नाव काढायचे नाहीत. काका एकदा बसनं भेटायला आले. दोघांनी चहा घेतला, मिरचीच्या भावावर बोलले, काकांच्या गुडघ्यांवर बोलले. घराचा विषय कोणी काढला नाही. बाबा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

"परत या, भाऊ."

"येतो ना, गुरुजी."

ते परत आले नाहीत, आणि बाबांनीही का आले नाहीत म्हणून कधी विचारलं नाही.