काकूचं नेट कोण पाडत होतं

नातवंडांनो, तुमच्या फोनवर आपल्या अंगणातल्या कॅमेऱ्याचा चौकोन काळा का दिसतो, हे तुम्ही प्रत्येकाने वेगवेगळं विचारलंत. सगळ्यांना एकदाच नीट उत्तर देते. फोनवर सांगायला गेले की आजोबा मध्येच बोलतात आणि गोष्ट भलतीकडे जाते.

सुरुवात काकूच्या कामापासून करावी लागेल. तुमची काकू दिग्रसच्या घरात बसून पुण्याच्या एका दवाखान्याचं काम करते, एवढं तुम्हाला माहीत आहे. काय करते ते कदाचित नसेल. अडखळत बोलणाऱ्या मुलांना ती बोलायला शिकवते. मूल तिकडे पडद्यावर, काकू इकडे मधल्या खोलीत. मूल एखाद्या शब्दावर अडलं की काकू तो शब्द पुरवत नाही, घाई करत नाही. नुसती त्याच्याकडे बघत थांबते. हे थांबणं म्हणजे तिचं अर्धं काम, असं ती म्हणते.

दिवाळीनंतर, पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला त्या सुमारास, नेमकं त्या थांबण्यातच नेट जायला लागलं. नाशिककडची एक लहान मुलगी होती. शब्द तिच्या ओठांवर आलेला असायचा आणि काकूचा चेहरा तिच्या पडद्यावर थिजायचा. नेट परत येईपर्यंत मुलगी मान खाली घालून बसलेली. एकदा तिची आई काकूला म्हणाली, "ताई, तिला वाटतं तुम्ही तिला कंटाळलात." त्या दिवशी काकू जेवली नाही.

मोबाईलवर तास घ्यावा तर आपल्या गल्लीत रेंज फक्त गच्चीवर मिळते, आणि तिथेही चित्र तुटतं. शेवटी दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, की शुक्रवारी त्या मुलीच्या तासाला मी स्वतः बसणार. पुन्हा तुटलं तर पुण्याला येऊन काम कर, नाहीतर ही मुलं दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. काकांना शेती सोडून जाता येणार नव्हतं. काकूने माळ्यावरची बॅग खाली काढली आणि भिंतीशी ठेवली. त्या बॅगेला वळसा घालून आम्ही सगळे घरात वावरायचो, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

नेटवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, राउटर बदलला. फरक पडला नाही. मग त्याने लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं आणि काकूला जवळ बोलावलं.

"ताई, हे पाहा. कोणीतरी मुद्दाम करून राह्यलं."

मीही चष्मा लावून वाकले. ओळीखाली ओळ, आणि प्रत्येक ओळीत 'अटॅक' हा शब्द.

"म्हणजे चोरी?" मी विचारलं.

"चोरी नाही बाई. तुमच्या दारात खोटी गर्दी उभी करते कोणी. इतकी, का खरा पाहुणा आतच येऊ शकत नाही."

"आमच्या दारात कशासाठी?"

"ते आता तुम्हीच आठवा. ओळखीतलं माणूस बी असू शकते."

एवढं बोलून तो चहा पिऊन गेला. ते वाक्य मात्र घरातच राहिलं. जेवताना आम्ही एकेका माणसाचं नाव घ्यायला लागलो. कोणाशी बांधावरून वाजलं होतं, कोणाच्या लग्नाला जायचं राहिलं होतं. अशी उजळणी वाईट असते. ज्याचं नाव घेतलं तो प्रत्येकजण थोडा थोडा गुन्हेगार वाटायला लागतो.

धागा आजोबांना सापडला, असं आम्हाला तेव्हा वाटलं. दुपारी लाईट गेली होती. आपल्याकडे इन्व्हर्टरवर मधली खोली आणि राउटर चालतात, त्यामुळे काकूचा तास सुरूच राहिला आणि एकदाही न तुटता संपला. आजोबा म्हणाले, "गंमत आहे पोरी. लाईट गेली का तुह्यं नेट पळते, अन् लाईट आली का आजारी पडते."

काकू हसली नाही. "बाबा, हे खरंच आहे," ती म्हणाली. "कालही असंच झालं."

आता लाईट गेल्याचं आपल्या घरात सगळ्यात आधी कशावरून कळतं, ते तुम्हाला आठवत असेल. शेजारची पिठाची चक्की थांबते. आजोबांनी भिंतीकडे पाहिलं, मी आजोबांकडे पाहिलं. लाईट गेली की शेजारी सगळं बंद होतं आणि आपलं नेट सुधारतं. याहून सरळ हिशोब कुठला?

शिवाय चक्कीवाल्या भाऊंना राग येण्यासारखं झालंही होतं. काकूच्या तासाच्या वेळी चक्की बंद ठेवा, असं आजोबांनी त्यांना उन्हाळ्यात सांगितलं होतं, तेही चार गिऱ्हाइकांसमोर, हुकूम दिल्यासारखं. तेव्हापासून बोलणं बंद. त्यात त्यांचा जावई नागपूरला कम्प्युटरच्या कामात. आजोबांना एवढा पुरावा पुष्कळ झाला. त्यांनी गव्हाचा डबा बस स्टँडजवळच्या चक्कीवर न्यायला सुरुवात केली. दोन पावलांवर चक्की असताना स्कूटरला डबा बांधून गावातून जाणारा माणूस कुणाच्या नजरेतून सुटतो?

गुरुवारी ते शेजारच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"भाऊ, काहून करून राह्यले हे?"

"काय करून राह्यलो काकाजी?"

"माह्या सुनेचं नेट पाडून राह्यले. तुम्ही अन् तुमचा जावई."

भाऊंनी पिठाने पांढरे झालेले हात झटकले. "म्हंजे माही चक्की आता नेट बी दळते काय? सांगा मंग, जाडं दळू का बारीक?"

दळणाला बसलेल्या बाया खळखळून हसल्या. आजोबांचा चेहरा लाल झाला. "उद्याचा तास बिघडला तर पोलिसात जातो मी."

"जा ना! अन् येता येता स्टँडवरून पीठ बी घेऊन या. तिकडचं लय गोड लागते म्हणे तुम्हाले!"

मी आजोबांना बाहीला धरून घरी आणलं. पण खरं लिहायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलेलं होतं. फक्त ते गल्लीत बोलू नये, एवढंच माझं मत होतं.

शुक्रवार उजाडला. काकांनी जिनिंगवाल्याशी आधीच त्याच दिवसाचं ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे कापूस न्यायला मेटॅडोर दारात आला. कापसाच्या खोलीत माणसं शिरली की आपल्याकडे एक नेम आहे. विडी आणि माचीस अंगणात ठेवायची, आणि त्या खोलीचं बटन बाहेरच्या बोर्डावरून बंद करायचं. ठिणगीची भीती. म्हणूनच त्या खोलीला इन्व्हर्टरची लाईनसुद्धा दिलेली नाही. काकांनी बटन बंद केलं, माणसं गाठोडी बांधायला लागली आणि मधल्या खोलीत काकूचा तास सुरू झाला. मोठ्या बाई पडद्यावर एका कोपऱ्यात बसल्या होत्या.

मी दाराबाहेर तुरीच्या शेंगा सोलत बसले. आतलं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मुलगी हळूहळू बोलत होती, मावशीकडे गेल्याचं काहीतरी सांगत होती. मग ती अडली आणि सगळं शांत झालं.

मुलांनो, ती शांतता मी विसरणार नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही शांतता सारख्याच असतात, नेट गेल्याची आणि काकूच्या थांबण्याची. मी शेंग हातात धरून बसले. आतून काही नाही. शेजारी चक्कीची घरघर चालू होती, अंगणात माणसं एकमेकांना हाका मारत होती, आणि आतून काहीच नाही. मला ती भिंतीशी ठेवलेली बॅग दिसत होती.

मग आतून मुलीचा आवाज आला, "ब... बैलगाडी."

"हं, बैलगाडीतून गेलात. पुढे?" काकूचा आवाज.

श्वास सोडल्यावर माझ्या लक्षात आलं. चक्की चालू आहे. म्हणजे लाईट आहे. मग आज नेट का जात नाही? शेजारचं सगळं सुरू असताना आपलं नेट धडधाकट आहे, तर आज बंद काय आहे?

इतक्यात कापसाच्या खोलीतून एकाने हाक दिली, "बाई, झालं भरून. लावू का लाईट? कोपऱ्यात झाडून घ्याचं हाय."

"थांबा!" मी ओरडले आणि शेंगांचं सूप लवंडलं. "बटनाला हात लावू नका!"

आजोबा धावत आले. "काहून? काय झालं?"

मी बोर्डाकडे पाठ करून उभी राहिले. "चक्की ऐकू येते ना? लाईट आहे. आणि नेटही आहे. आज फक्त या खोलीचं बटन बंद आहे. लाईट जाते तेव्हाही हेच बंद होतं." आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या शेजारी येऊन बोर्डाला टेकले. झाडणारा माणूस अंधारात झाडू घेऊन ताटकळला. तास संपेपर्यंत आम्ही दोघं तिथून हललो नाही.

काकू बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं. तिने स्वतः बटन लावलं आणि लॅपटॉपसमोर बसली. थोड्याच वेळात नेट मेलं. बटन बंद केलं, नेट परत आलं. त्या खोलीत दिव्याखेरीज विजेवर चालणारी एकच वस्तू होती, कोनाड्यातला कॅमेऱ्यांचा डबा, त्यांची चित्रं नेटवरून तुमच्या फोनवर पाठवणारा. तोच डबा, ज्याच्यामुळे तुम्ही तिकडून फोन करायचात, "आजी, मांजर कापसावर झोपलंय, उठव तिला."

तो दिवाळीत बसवला तेव्हा दुकानदाराने पासवर्ड विचारला होता. आजोबा म्हणाले होते, "सोपा ठेवा, पोराइले तिकडून पाहता आलं पाह्यजे. साऱ्या नातेवाइकाइले द्याचा हाय." म्हणून कंपनीकडून आला तोच राहू दिला. त्या कंपनीच्या प्रत्येक डब्याचा पासवर्ड तोच असतो, हे काकूने नंतर शोधून काढलं. तुमच्यासाठी उघडं ठेवलेलं दार परक्या लोकांनाही उघडं होतं. त्यांनी डब्याचा ताबा घेतला आणि त्याला कामाला लावलं. आपला डबा दिवसभर दुसऱ्यांच्या दारांत खोटी गर्दी करत होता. आपली लाईन त्या धावपळीनेच तुंबत होती, आणि राउटरवरच्या 'अटॅक'च्या ओळी म्हणजे त्या लोकांकडून परत येणारे धक्के होते. हल्ला खराच होता. तो आपल्या घरातून होत होता. कुठेतरी आणखी एखादी काकू अशीच थिजली असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

मोठ्या बाईंचा फोन संध्याकाळी आला. काकू इथूनच काम करणार. बॅग आजोबांनी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर टाकली, नको म्हटलं तरी.

दुसऱ्या दिवशी ते गव्हाचा डबा घेऊन शेजारी गेले. मी खिडकीत उभी होते. भाऊंनी डब्यात डोकावून पाहिलं. "आज गहू? मले वाटलं, नेट आणलं दळायले."

"बारीक दळा," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, "आमच्याच घरात होतं ते, भाऊ."

भाऊंनी गहू चक्कीत ओतला. चक्की घरघरायला लागली. मग ते ओरडले, "सूनबाईचा तास कितीले राह्यते? सांगून ठेवा. हुकूम नका सोडू."

तर डबा बंद आहे आणि बंदच राहील. कापूस गेला, राखायला आता काही नाही. मांजर रिकाम्या खोलीतच झोपते. तिला पाहायचं असेल तर मला फोन करा, मी गच्चीवर घेऊन जाईन तिला. फक्त काकूच्या तासाला करू नका. तेव्हा चक्कीसुद्धा बंद असते.