लॅबची चावी

मी एका बाईंवर खोटा आळ घेतला, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे काही सीडी होत्या.

गोंदियाजवळच्या गोरेगावात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सकाळी त्या विंडोज शिकवायच्या, दुपारी मी लिनक्स. नव्या मशीनवर कोणतं लिनक्स नीट चालेल, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. एकेका डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या एकेका प्रकाराची, सीडी घालून मशीन त्यावरूनच सुरू करायची आणि साउंड, प्रिंटर, नेटवर्क कार्ड ओळखतं का ते पाहायचं. नेटवर्क कार्डाचं काही कळेना. मशीन तीच, सीडी तीच. काल कार्ड चाललं, आज मेलेलं.

मग लक्षात आलं, मॅडमची बॅच झाली की कार्ड मरतं. त्या सुटीवर असल्या की चालतं. लिनक्स रुळलं तर त्यांची बॅच बंद होईल, हे कारणही मी शोधून काढलं. मशीनच्या कॅबिनेटच्या स्क्रूंवर खडूची भुकटी लावून ठेवली. दुपारी भुकटी जशीच्या तशी, आणि कार्ड बंद. तिथं तरी थांबायला हवं होतं. मला वाटलं, बाई हुशार आहेत, काम करून परत भुकटी लावून गेल्या.

पोरांसमोरच मी क्लासच्या मालकांना सांगितलं, मॅडमच कार्ड बिघडवतात.

"काऊन सर, माह्यावर शक करून राहिले?" मॅडम म्हणाल्या. "मले तं तो डबा खोलताही येत नाही."

"मग तुमच्यानंतरच कसं बिघडतं?" मी विचारलं.

मालकांनी हात पुढे केला. मॅडमनी लॅबची चावी टेबलावर ठेवली, त्यांच्या हातात दिली नाही. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

सकाळची बॅच माझ्याकडे आली. विंडोज मीच बंद केलं, सीडी मीच घातली. कार्ड मेलेलं! तेवढ्यात लोडशेडिंग. लाइट आल्यावर तीच सीडी लावली तर कार्ड सुरू. विंडोज बंद होताना कार्डाला झोपवून जात होतं. काही डिस्ट्रोंना ते उठवता यायचं, काहींना नाही. पॉवरची वायर काढून पुन्हा लावली की उठायचं. रोज रात्री मेन स्विच बंद व्हायचा, आणि मॅडमच्या सुटीत सकाळी विंडोज लागतच नसे, एवढंच.

हे कळूनही मी गप्प राहिलो. पोरांना फक्त सांगायचो, आधी वायर काढा.

शेवटी गोंदियात मॅडम ज्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायच्या, तिथं गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांची बोटं थांबली नाहीत.

"इथं कायले सांगता? चावी घेतली तवा पोरं होते ना समोर."

त्या क्लासवर आल्या. बॅच नवी होती, मालक तेच. मॅडम चप्पल न काढता दारातच उभ्या राहिल्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "या मॅडमनी कोणतीही मशीन बिघडवली नव्हती. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, आणि खरं कळल्यावरही लपवलं. मॅडम, मला माफ करा."