अक्षरं तेवढी मोठी कर

ऑफिसात त्याला सगळे टापटीप म्हणत. त्यात अर्धी चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. प्रोग्रामर माणूस, ऑफिसातला कॉम्प्युटर, घरचा कॉम्प्युटर, पाठीवरचा लॅपटॉप, सगळीकडे रंग तेच, बटणं तीच, अक्षरांची जाडीसुद्धा तीच. या सगळ्या आवडीनिवडी ज्या फाइलींत लिहिलेल्या असतात त्या त्यानं गिटमध्ये जपून ठेवल्या होत्या. गिटचं काम असं, की तुम्ही एक स्वल्पविराम हलवलात तरी त्याची नोंद राहते आणि वाटेल तेव्हा मागे जाता येतं. नवं मशीन हातात आलं की हा आपली एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, चालवायचा. तिथली आधीची सेटिंग्ज ती बिनदिक्कत उडवायची आणि याची बसवायची. त्याचं लग्न जमेना तेव्हा आई वैतागून म्हणायची, "याला बायको नकोच आहे, दुसरा हाच हवाय!"

त्याची थोरली बहीण, ताई, याच्या अगदी उलट. बैठकांची, सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून ती घरी बसून टाइप करून द्यायची. त्यात तिचं उजवं मनगट पार कामातून गेलं. डॉक्टर म्हणाले, टायपिंग कमी करा. अहो, कमी करून खायचं काय? तेव्हा यानंच तिला आपला एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, शिकवला. त्यात एक झकास सोय होती: दोन-तीन अक्षरं टाइप केली की ठरवलेलं अख्खं वाक्य उमटायचं. ताईनं ती अशी काही उचलली की विचारू नका. 'वबा' लिहिलं की 'वरील बाबी विचारात घेऊन असे ठरविण्यात आले की'. एक अध्यक्ष दर बैठकीत 'माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगायचे झाल्यास' म्हणून सुरुवात करायचे, त्यांच्यासाठी तिनं 'शहाणा' असं लघुरूप केलं होतं. वर्षानुवर्षं भर घालत गेलेली ती फाइल म्हणजेच तिची पोटापाण्याची सोय होती. तिच्याच जोरावर तिचा हात टिकून होता.

टापटीपला मात्र ती फाइल बघवत नसे. एकच लघुरूप दोन-दोनदा, मध्येच कुणाचा तरी फोन नंबर. ताई एकदा म्हणाली होती, "माझीपण ठेव ना रे तुझ्या त्या गिटमध्ये."

"आधी साफ कर, मग घेतो. असला पसारा माझ्यात नको."

"बरं बाबा, करते," ती हसून म्हणाली. तिला वेळ कुठला मिळणार?

मग एका रविवारी तो तिच्याकडे गेलेला असताना ती म्हणाली, "चष्मा बदलला तरी दिसत नाही नीट. अक्षरं तेवढी मोठी कर." आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. एका आकड्याचं काम! पण ती भडक स्क्रीन बघून याचे हात शिवशिवले. म्हटलं, एकदाचं सगळंच नीट करून टाकू. आणि गड्यानं आपली स्क्रिप्ट चालवली.

ताई आली, "अगं बाई, छान दिसतंय की!" म्हणाली, कानात हेडफोन घालून कामाला बसली. 'वबा' टाइप केलं. ते 'वबा'च राहिलं. तिनं पुन्हा केलं, मग दुसरं, तिसरं. याच्या नव्या मशीनवर आधीचं जे असतं तो कचराच असतो, म्हणून स्क्रिप्ट न विचारता पुसायची. इथं त्या स्क्रिप्टनं ताईची फाइल पुसली होती.

"मागे जाता येतं ना तुझ्या त्याच्यात?" ताईनं विचारलं.

"माझ्या फाइलींचं येतं गं."

ताईनं कानातले हेडफोन काढून ठेवले. त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं जंग जंग पछाडलं, ओळखीपाळखीच्या जाणकारांना मशीन दाखवलं. काही हाती लागलं नाही. मग तिच्या शेजारी बसून म्हणाला, "तू सांग, मी भरतो."

तिनं थोडी सांगितली आणि अडली. "नाही रे आठवत असं. बोटांना यायचं ते."

मग त्यानं तिच्या नव्या फाइलीसाठी गिटमध्ये स्वतंत्र जागा केली. तिला काही करावं लागू नये म्हणून आपोआप जतन होईल अशी व्यवस्था लावली, आणि रोज सकाळी ऑफिसात पोचला की आधी तिच्या नोंदी बघू लागला. सुरुवातीला भराभर नवी लघुरूपं यायची, त्याला बरं वाटायचं. पुढे ती तुरळक झाली. मग एकही येईना.

त्याला वाटलं, आपल्याच व्यवस्थेत काही बिघडलं. हातातलं काम टाकून त्यानं ती ओळ न् ओळ तपासली. सगळं चोख चाललं होतं. तेव्हा त्यानं फोन लावला. "ताई, फाइल सेव्ह होत नाहीये का गं?"

"होते ना. मीच काम सोडलंय रे, हात उचलेना." मग ती म्हणाली, "तू इतकं मनापासून करून दिलंस ना सगळं, तुला सांगायचा धीरच होईना."