सिस्टर, पण नर्स नव्हे

मिशनसाठी मला अबुधाबीला पाठवणार असल्याचं पत्र आलं, तेव्हा आमच्या पुण्याच्या घरात सगळ्यात आधी आई हसली. मी वीस वर्षांची होते. "इतके दिवस म्हणत होतीस, जिथे कुणाला मराठी येत नाही अशा देशात जाईन. तिकडे अर्धं कोकण राहतं गं," ती म्हणाली.

आम्ही मूळचे जालन्याचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मी नऊ वर्षांची असताना आईवडील मॉर्मन नावाच्या वेगळ्या पंथात गेले. आजोबांना ते कधी नीटसं पटलं नाही. "आपल्या चर्चचं छप्पर गळत होतं का?" असं ते विचारायचे. पण मी निघाले त्या दिवशी जालन्याहून एसटीने येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनीच सगळ्यात लांब प्रार्थना केली. इतकी लांब, की बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला.

आमच्यात तरुण मुलंमुली दीड-दोन वर्षं कॉलेज, नोकरी, घर सगळं बाजूला ठेवून देवाच्या कामाला जातात. कुठे जायचं ते आपण ठरवत नाही. दोघी-दोघींच्या जोड्या असतात, आणि जोडीदारणीला नजरेआड होऊ द्यायचं नाही असा नियम असतो. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, प्रार्थना. सिनेमा नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा. माझी जोडीदारीण टोंगा नावाच्या बेटाच्या देशातली होती. सहा फुटाला दोन बोटं कमी, आणि हसली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा छोटा फ्लॅट होता.

पहिल्याच दिवशी आमच्यावर देखरेख करणाऱ्या वयस्कर जोडप्याने आम्हाला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, इथे प्रचार करायचा नाही. कुणाचं दार वाजवायचं नाही, पुस्तकं वाटायची नाहीत. कुणी आपणहून विचारलं तर थोडक्यात खरं उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं.

"मग आम्ही करायचं काय?" मी विचारलं.

"आपल्या लोकांची सेवा करा. आणि चांगल्या शेजारणी व्हा."

मी मान हलवली, पण मनातून पार खट्टू झाले. पुण्यात मी आरशासमोर उभी राहून भाषणं पाठ केली होती! आणि इथे आम्ही काय करत होतो, तर रविवारी मुलांच्या वर्गात पेटी-पियानो वाजवत होतो. बस पकडून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला जात होतो, कारण तिथल्या स्टाफ क्वार्टर्समध्ये आमच्या चर्चमधली युगांडाची एक सिक्युरिटी गार्ड पाय मोडून पडली होती. तिचे कपडे धुवायचे, भांडी घासायची, केसांच्या वेण्या सोडवायच्या. वेण्या सोडवायला चार तास लागले. परत येताना बसमध्ये मी डोळे मिटून म्हटलं, देवबापा, एवढ्या लांब बोलावलंस ते भांडी घासायला? शेजारी जोडीदारीण तोंड उघडं टाकून झोपली होती.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये मराठी कानावर पडलं. "अगं, बोट काढ त्या बटनावरून, दार मिटत नाहीये." पस्तिशी-चाळिशीची एक बाई, डोक्यावर ओढणी, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. बरोबर दहा वर्षांची मुलगी. मुलगी म्हणाली, "आय डिडंट टच एनिथिंग, मम्मी." मी इतकी आनंदले की ओळख नसताना म्हटलं, "तुम्ही कुठल्या?"

"रत्नागिरीचे. आणि तू?" म्हणेपर्यंत तिसरा मजला आला, आणि आम्ही चौघीही तिथेच उतरलो. त्या आमच्या समोरच्याच दारात राहत होत्या. मी त्यांना भाभी म्हणायला लागले. त्यांचे यजमान दुबईत रास अल खोरला भाजीच्या होलसेल गोदामात मॅनेजर होते, तिकडेच राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. घरात भाभी, ती मुलगी आणि नुकत्याच रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई. त्यांना सगळे दादी म्हणत, म्हणून मीही.

आमच्यात मिशनवर एकमेकींना सिस्टर म्हणतात. माझी जोडीदारीण तर जिन्यातून खच्चून हाक मारायची, "सिस्टर! कीज!" दादींनी ते दाराआडून चार दिवस ऐकलं आणि आपला निष्कर्ष काढला. पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दादी, हातात ओढणीत गुंडाळलेलं बीपीचं मशीन.

"सिस्टर हायस ना गो? जरा बघ तर किती हाय. माझी सून ऑफिसात गेलीय, नि त्या पोरीला मशीन उलटा लावता येतो नुसता."

माझी आई खरोखरच नर्स आहे. बीपी घ्यायला मी शाळेत असतानाच शिकले होते. मी दादींना खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला, आकडा सांगितला, तो चांगला होता. दादींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "सुखी राव." मी सांगणार होते की मी नर्स नाही. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी गालावरून हात फिरवला होता. मी पट्टा गुंडाळून मशीन त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळी भाभींना मात्र खरं सांगितलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे ना. नर्स शेजारी आहे म्हणून दादी निवांत झोपते. माझं पण टेन्शन कमी." आणि मी ते राहू दिलं. रोज सकाळी दादी मशीन घेऊन यायच्या, जाताना चहा प्यायला बोलवायच्या.

चहाचं तर वेगळंच झालं. आम्ही चहा-कॉफी पीत नाही. दादींनी पहिल्यांदा वेलची घातलेला चहा पुढे केला, तेव्हा मी नको म्हटलं. "साखर नको? दूध कमी करू? काळा देऊ?" करत त्यांनी तीनदा चहा बदलून आणला. शेवटी म्हणाल्या, "मराठी पोर नि चाय नाय?" आणि आत जाऊन कोकम सरबताची बाटली घेऊन आल्या, रत्नागिरीहून आणलेली. जोडीदारणीने एक घोट घेतला, डोळे मोठे केले आणि तीन ग्लास संपवले.

मग रमजान जवळ आला. दादींना साखर होती, दोन वेळा इन्सुलिन. डॉक्टरांनी रोजे धरायला साफ मनाई केली होती. दादी म्हणत, "डॉक्टर काल जन्मला. मी साठ वर्षं रोजे धरतंय." मुलाने फोनवरून समजावलं, मौलवीसाहेबांशी बोलणं करून दिलं, तेही तेच म्हणाले की आजारी माणसाला सूट आहे, रोज एका गरजूला जेवू घाला. दादींनी ऐकून घेतलं आणि पहिला रोजा धरला. दुपारी तीन वाजता त्यांची मान सोफ्यावर कलंडली. नात धावत आमच्याकडे आली, "दादी इज शेकिंग!" आम्ही दोघी पळालो. जोडीदारणीने त्यांना उचलून सरळ बसवलं, मी साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजलं आणि भाभींना फोन केला. भाभी येईपर्यंत दादी सावरल्या होत्या. डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं. "तोडलास माझा रोजा," एवढंच त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात भाभींनी माझे दोन्ही हात धरले. "ती उद्या परत धरणार. मी तिला ओळखते. आमच्या कुणाचं ऐकत नाही, पण तुझं ऐकेल. नर्स म्हणून सांग तिला. सांग की मेडिकल रूल आहे, रोजा धरला तर हॉस्पिटलमध्ये टाकतील. प्लीज."

एक खोटं वाक्य, आणि एका म्हातारीचा जीव सुरक्षित. पण ज्या देवाच्या नावाने मी इथे आले होते, त्याच नावाने खोटं बोलायचं कसं? आणि अर्धं खोटं तर मी महिनाभर बोलतच होते. मी फ्रिजला पाठ टेकून डोळे मिटले. जोडीदारणीला मराठी कळत नव्हतं, तिने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाहेर जाऊन दादींच्या पायाशी बसले.

"दादी, मी नर्स नाही."

त्या बघत राहिल्या. "मग सिस्टर कशी?"

"आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, म्हणून. नर्स माझी आई आहे. मी दीड वर्ष देवाच्या कामासाठी घर सोडून आलेय. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

भाभींनी कपाळाला हात लावला. दादींनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आईबापानी पाठवलान? एवढ्या लांब?"

"मीच मागून घेतलं."

"नि रोजे धरतंस तू?"

त्यांनी आपणहून विचारलं होतं, तेव्हा मी उत्तर दिलं. "महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. शनिवारी संध्याकाळी जेवायचं, मग रविवारी संध्याकाळीच."

"पाणी?"

"पाणीपण नाही."

"नि सहरी?"

"पहाटेचं खाणंही नाही."

दादी जराशा पुढे झुकल्या. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दिसला. मशीन लावून तो मिळाला नव्हता.

मी त्यांना सांगितलं, की मागच्या महिन्यात उपासाच्या दिवशी मला ताप होता. आमच्यातही आजारी माणसाने उपास करायचा नसतो. पण मी हट्टाने धरला, आणि या माझ्या मैत्रिणीने मला समोर बसवून भात भरवला. मी जेवताना रडत होते. वाटत होतं, मी कसली मिशनरी, इथे एक शब्द बोलायचा नाही, आणि साधा उपासही जमत नाही. "तेव्हा हिने विचारलं, देवाला तुझी भूक हवी आहे की तू? मी तो भात संपवला, दादी."

दादींनी जोडीदारणीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "ही बोलली असा?"

"हो."

"बघून वाटत नाय," दादी म्हणाल्या, आणि हसल्या. मी भाषांतर केल्यावर जोडीदारीण इतकी हसली की तळमजल्यावरच्या काचेच्या दुकानाला हादरा बसला असेल.

दादींनी तिथल्या तिथे काही कबूल केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या घरातून कांदा परतल्याचा वास यायला लागला. दादींनी पदर खोचला होता. रोज एका गरजूला जेवू घालायचं तर बाहेरून पार्सल आणून नाही, आपल्या हाताने रांधायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मगरीबच्या, म्हणजे संध्याकाळच्या अजानच्या आधी एक झाकलेलं ताट खाली जायचं, इमारतीच्या म्हाताऱ्या वॉचमनकडे. ते पेशावरचे होते, वीस वर्षं एकटे राहत होते. जोडीदारीण ताट घेऊन जिना उतरायची, कारण लिफ्टमध्ये रस्सा सांडतो असं दादींचं मत होतं. आठवड्याने वॉचमनचाचांनी रिकाम्या ताटात खजूर ठेवून परत पाठवले. दादींना इतकं बरं वाटलं, की मुलाला फोन करून त्यांनी ते खजूर मोजून सांगितले.

आमचा उपासाचा रविवार त्या महिन्यात मध्येच आला. संध्याकाळी चर्चमधून परतलो, दोघींचे ओठ सुकलेले. समोरचं दार उघडंच होतं. भाभींचे यजमानही घरी आले होते. "यल्ला, या लवकर, अजान व्हायला दोन मिनिटं आहेत," ते म्हणाले. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर सहा जागा मांडल्या होत्या. आम्ही संकोचून दारात उभ्या.

"हे तुमच्या दानाचं ताट असेल तर ते गरजूंचं आहे, दादी," मी म्हटलं.

"ता कवाच खाली गेला. ह्या मेहमानांचा. बस गो."

सगळ्यांच्या मध्ये दादी बसल्या होत्या, मोठ्यांमध्ये उपाशी नसलेल्या त्या एकट्याच. पण अजान होईपर्यंत त्यांनीही कशाला हात लावला नाही. अजान झाली. आम्ही दोघींनी मान खाली घालून मनातल्या मनात आमची प्रार्थना म्हटली, त्यांनी त्यांची दुवा म्हटली, आणि सगळ्यांनी एकदमच खजुराकडे हात नेला. चोवीस तासांनंतरचा तो पहिला खजूर! नात म्हणाली, "धिस इज सो ऑकवर्ड, एव्हरीवन इज क्वायट," आणि मग कुणीच गप्प राहिलं नाही.

त्या रात्रीच्या प्रार्थनेत मी काही मागितलं नाही, तक्रारही केली नाही. भांडी मात्र भाभींकडची सगळी मीच घासून आले होते.

दादींनी बाकी रोजे सोडले, पण सगळ्यात मोठा मानला जाणारा सत्ताविसावा गुपचूप धरला. दुपारी मी बीपी घ्यायला गेले आणि पाणी पुढे केलं, तेव्हा त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. मी तडक भाभींना फोन केला. पाच मिनिटांत दादींच्या हातात सरबताचा ग्लास होता आणि मला तीन दिवस चुगलखोर म्हणून ऐकून घ्यावं लागलं. ईदच्या सकाळी शिरखुर्म्याचा वाडगा माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "खलास. माफ केला."

ईदनंतर दोन आठवड्यांनी त्या रत्नागिरीला परत गेल्या. एअरपोर्टला निघण्याआधी इमारतीच्या दाराशी आम्ही सगळे जमलो, वॉचमनचाचासुद्धा. जोडीदारणीने त्यांच्यासाठी भाभींकडून एक मराठी वाक्य पाठ करून घेतलं होतं. दादींचे दोन्ही हात आपल्या मोठ्या पंजात धरून ती म्हणाली, "दादी, परत लवकर जा!"

भाभी ओरडल्या, "या! या सांगितलं होतं!" पण दादी तोवर डोळे पुसून हसत गाडीत बसल्या होत्या, आणि काच खाली करून तिला सांगत होत्या, "जातंय गो, जातंय."