मीटरवाल्यांचा ग्रह

आमच्या वरच्या मजल्यावरचे मीटरवाले सकाळी दहाला, चहा घेऊन, तारे बघतात. पस्तीस वर्षं घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपले, निवृत्त झाल्यावर करमेना. तेव्हा लेकीने संगणकावर हे काम लावून दिलं. अवकाशातली दुर्बीण ताऱ्यांचा उजेड मोजून पाठवते. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड जरासा घटतो. आलेखात तसा खड्डा दिसला की खूण करायची, शास्त्रज्ञ पुढचं बघतात. पगार नाही, पण रीडिंग तर आहे.

गेल्या महिन्यात त्यांना एका ताऱ्यात बरोब्बर अकरा-अकरा दिवसांनी पडणारे खड्डे सापडले. कुणीच खूण केलेली नव्हती. त्यांनी ‘ग्रह’ म्हणून कळवलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, सगळ्या बिल्डिंगला. आपल्या बहिणीला तर ग्रहाचं हवामानसुद्धा सांगून झालं. मी त्याला माझं नाव सुचवलं, तर वहिनी म्हणाल्या, मग तिथली हवा तुमच्या बडबडीलाच पुरायची नाही.

परवा मीटरवाले माझ्याकडे पट्टी मागायला आले. आलेखाचा कागद टेबलावर पसरून एकेक खड्डा मोजला. एक खोल, पुढचा केसभर उथळ, पुन्हा खोल, पुन्हा उथळ. ग्रह असता तर दर खेपेला तेवढाच उजेड अडला असता. हे दोन तारे होते, आळीपाळीने एकमेकांच्या आड येणारे.

मी म्हटलं, गप्प बसा, शास्त्रज्ञांना सापडेल तेव्हा सापडेल. रविवारी वहिनींच्या बहिणीकडे तुमचा सत्कार ठरलाय. त्यावर त्यांनी जुनी हकिगत काढली: एकदा तिनाचा आठ लिहिला गेला, रात्री जेवताना आठवलं, तसेच सायकल काढून गेले.

“माझ्या हातचं रीडिंग चुकलं, तर खोडायचंही मीच,” ते म्हणाले. “शास्त्रज्ञांचं काही नाही. हिला कसं सांगू?”

ही गंमत मी सोडणार होतो थोडाच. मागोमाग वर गेलो. त्यांनी आधी खूण मागे घेतली, मग वहिनींना सांगितलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी ठेवून त्यांनी विचारलं:

“म्हणजे दोघं एकमेकांभोवती फिरतात आणि एकमेकांचा उजेड अडवतात?”

“हो.”

“ते बघायला दुर्बीण कशाला हवी होती?”

मीटरवाले चष्मा पुसत राहिले. वहिनींनी बहिणीला फोन लावला.

“अगं, ग्रह रद्द,” त्या म्हणाल्या. “ह्यांचे दोन सूर्य निघाले. रविवारचं आहे तसंच ठेव.”