थांबत नाही असं ड्रिल

योम दोक्सूने आयुष्यभर कोरियातल्या गोजे बेटावरच्या गोदीत, जहाजांच्या पोटात बसून ग्राइंडर चालवला. निवृत्त झाला तेव्हा त्याची बोटं त्याच्याबरोबर घरी आली नाहीत. दिसत होती जागच्या जागी; पण थंडी पडली की पांढरी पडत, आणि सोजू दारूचा पेला हातात आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी बघावं लागे. थरथरणारं हत्यार पुन्हा धरायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

घर चढावर. रस्त्यापासून दारापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या, कठडा नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको बुन्ये त्या गोठलेल्या पायऱ्यांवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाली उतरलीच नव्हती. पुढची थंडी यायच्या आत कठडा उभा करायचा, तोही स्वतःच्या हातांनी, हे दोक्सूने ठरवलं. पुतण्या म्हणाला, "काका, मी लावून देतो." दोक्सूने त्याला जेवायलासुद्धा थांबवलं नाही.

हत्यारांचं दुकान पांग मालसुनचं. तिने एक ड्रिल पुढे केलं.

"दादा, हे न्या. पुढचं बिट सिमेंटातल्या सळईत अडकलं की हे आपोआप सुटतं. मनगट वाचतं."

"म्हणजे थांबतं."

"थांबतं."

"थांबणारी वस्तू घरी एक आहे. रोज दाढी करताना आरशात बघतो. ते मागचं काढ, वायरवालं, लोखंडी गिअरचं."

"ते? ते तुमच्या मागे उरेल, दादा."

"उरू दे. घरात कुणीतरी धडधाकट हवं."

तिने प्लग लावला आणि म्हणाली, "आधी हातमोजे काढा."

आम्ही बेटावरची माणसं सुती हातमोजे घालून सगळं करतो. मुळे उपटतो, निखाऱ्यांवरचं मांस उलटतो, शवपेटी उचलतो. ते काढायचे फक्त फिरत्या बिटापुढे, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. दोक्सूने मोजे काढले, खटका दाबला. ड्रिल घुमलं.

"सोडा," मालसुन म्हणाली.

त्याने आधी बोटाकडे बघितलं, मग सोडलं. मधली ती फट तिला दिसली.

"हात कधीपासून असे?"

"कसे?"

ती वायर गुंडाळत राहिली. मी दुकानातच बसलो होतो; दोक्सू गेल्यावर मला म्हणाली, "मी दिलं नसतं तर शेजारच्याने दिलं असतं."

दोक्सू कामाला लागला त्या सकाळी समुद्रावरून बोचरं वारं होतं. पहिल्या दोन पायऱ्यांत कठड्याच्या खांबांची भोकं सरळ पडली. तिसरीपर्यंत बोटं मेली. मग त्याने मोजे पुन्हा चढवले, आणि बोट खटका धरून ठेवीना म्हणून तो बाजूच्या बटणाने दाबलेलाच अडकवून टाकला.

चौथ्या पायरीत बिटाला सळई लागली. मालसुनने आधी दाखवलेलं ड्रिल असतं तर तिथेच सुटलं असतं. हे मात्र बिट अडकलं तरी थांबलं नाही. अख्खं मशीनच गरकन फिरलं. हात सुटला असता, पण डाव्या मोज्याचा धागा बिटात गुंतला होता. दारात उभी असलेली बुन्ये भिंतीला धरून धरून आत गेली आणि प्लग ओढला. तोवर मनगट उलटं झालं होतं. ड्रिलवर ओरखडासुद्धा नव्हता.

दवाखान्यातून आल्यावर बुन्ये म्हणाली, "आता बोलावू पुतण्याला?"

दोक्सू भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बोलव."

पुतण्या आला. त्याच ड्रिलने एका दुपारात काम संपवून गेला. जाताना म्हणाला, "काका, मशीन मात्र एक नंबर घेतलंत."

आता बुन्ये कठडा धरून बाजारात जाते, मासळी घेऊन येते. दोक्सू दारात बसून बघतो. तो खाली उतरत नाही. कठडा धरायलाही पकड लागते.